शुक्रवारचा फोन आणि रायफलची नळी

"रफीक, तुम पाइप का आदमी है. ये भी पाइप है," असं म्हणून अरबाबांनी रायफलची नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि मला मागच्या बाजूने आत बघायला सांगितलं.

अरबाब म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. रफीक हे माझं नाव नव्हे; रफीक म्हणजे दोस्त, आम्हा परदेशी कामगारांना तिथे सगळे अशीच हाक मारत. शारजात पंप, पाइप आणि व्हॉल्व्ह विकणारी त्यांची लहानशी कंपनी होती आणि मी तिथे खरेदीचं काम बघत असे. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. त्या दिवशी त्यांनी मला ऑफिसातून थेट घरी, त्यांच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीत नेलं होतं. तरुणपणी ते खजुराच्या गलबतांबरोबर मुंबईला जाऊन येत. तिथेच शिकलेलं हिंदी ते आमच्याशी बोलत.

मी एक डोळा मिटून आत पाहिलं. नळीच्या आत पेचदार खाचा असतात आणि त्या आरशासारख्या चमकायला हव्यात, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. इथे काळे खड्डे दिसत होते. जुना पाइप कापल्यावर आत दिसतो तसा गंज.

"खराब?" अरबाबांनी विचारलं.

"खराब है, अरबाब."

"खलास. तो पाइप बदली करो. अच्छा आदमी ढूंढो."

रायफल त्यांच्या थोरल्या भावाची होती. भाऊ वारले होते. तरुणपणी दोघे भाऊ डोंगरात रानबकऱ्यांच्या मागे फिरत. पुढे देशात शिकारीला बंदी आली आणि मग अरबाब वर्षातून एकदा, हिवाळ्यात, परवाना काढून परदेशी जात. त्यांच्याकडे दुसऱ्या बंदुका होत्या. नव्या कोऱ्या, दुर्बिणी लावलेल्या. पण त्यांना हीच हवी होती. "दूसरा बहुत है मेरे पास," ते म्हणाले. "ये वाला चाहिए."

मी "इन्शाल्ला" म्हणालो आणि बाहेर पडलो. शारजातल्या रोल्ला भागात माझ्या खोलीवर परत येताना टॅक्सीत माझ्या मनात एकच विचार होता. आता बाबांशी बोलायला काहीतरी मिळालं.

हे नीट सांगायला हवं. आमचं गाव सिंधुदुर्गात. डोंगराला लागून भाताचे चार कुणगे, म्हणजे खाचरं, आणि काजूची थोडी झाडं. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. मी तालुक्याच्या कॉलेजात बी. एस्सी. झालो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. निकालाच्या दिवशी बाबांनी ती मार्कलिस्ट दोन्ही हातांनी धरून नुसतीच बघितली होती. माझ्या शिक्षकांचे, माझ्या आईवडिलांचे आणि पुढे या वाळूच्या देशाचे माझ्यावर उपकार आहेत. ते मी कधी विसरलो नाही.

बाबांकडे ठासणीची बंदूक होती. पीक संरक्षणाच्या परवान्याची. रात्री डुकरं उतरून भात लोळवून टाकत, त्यांच्यासाठी. बाबांचं गावातलं जे काही वजन होतं ते त्या बंदुकीमुळे होतं. रान हाकायचं ठरलं की माणसं आधी आमच्या खळ्यात जमत. मग त्यांचे डोळे अधू झाले आणि परवान्याचं नूतनीकरण अडलं. तालुक्याच्या कचेरीत त्यांना सांगण्यात आलं की परवाना मुलाच्या नावावर होऊ शकेल, पण मुलगा गावात राहत असला पाहिजे. "झील भायेर असा," एवढंच सांगून बाबा परत आले, आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली.

हे मला आईने सांगितलं. बाबा त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. फक्त त्यानंतर ते फोनवर बोलेनासे झाले. फोन आमच्या घरी नव्हता, तिठ्यावरच्या दुकानात होता. शुक्रवारी सुट्टी, म्हणून मी सकाळी बूथवरून फोन करून "आमच्यांका बोलवा" असा निरोप द्यायचो आणि थोड्या वेळाने पुन्हा लावायचो. पूर्वी बाबा पावसापाण्याचं, गुरांचं, गावातल्या भांडणांचं सांगत. आता ते रिसिव्हर घेऊन "बरो आसंय" म्हणत आणि लगेच "आवशीकडे देतंय" म्हणून तो आईकडे देत. बोलणं संपलं. मी रूमवर परत येऊन कपडे धुवायला घ्यायचो, तोवर दिवस कोरडा होऊन गेलेला असायचा. मला बाबांचा आवाज हवा होता. तो कसा मिळवायचा हे कळत नव्हतं.

त्या शुक्रवारी "बरो आसंय" झाल्यावर मी घाईघाईने म्हणालो, "बाबा, आमच्या शेठच्या रायफलीची नळी गंजली आहे. बदलायची आहे."

बाबांनी रिसिव्हर आईकडे दिला नाही.

"कसली बंदूक?"

मी सांगितलं.

"ठेयता खंय ती?"

"चामड्याच्या कव्हरात. घर समुद्राला लागून आहे."

"चामड्यात ठेयल्यान?" बाबांचा आवाज चढला. "मगे गंजतलीच ती! चामडा पानी धरून ठेयता. शेठ असलो म्हणान काय झाला, अक्कल व्हयी काय नको?"

दुकानात बसलेली माणसं हसल्याचं मला ऐकू आलं. बाबा बोलतच राहिले. कार्ड संपेपर्यंत बोलले, आणि आईला फोन मिळालाच नाही.

खरेदी विभागाची रीत मला पक्की माहीत होती. तीन ठिकाणांहून दर मागवायचे, तक्ता करायचा, साहेबांपुढे ठेवायचा. मी तसंच केलं. एक कारागीर जवळच्या अल ऐन शहरात होता, मूळचा पेशावरकडचा. एक ऑस्ट्रियातली जुनी कंपनी. आणि एक इंग्लंडच्या एका खेड्यातला एकटा काम करणारा माणूस, ज्याचं नाव अरबाबांच्या एका मित्राने दिलं. मला बंदुकीतलं काही कळत नव्हतं. पाइप विकत घेताना जे विचारतात तेच मी तिघांना विचारलं. पोलाद कोणतं, मुदत किती, हमी कशाची.

पुढच्या शुक्रवारी हे बाबांना वाचून दाखवलं.

"ह्या सगळा ठीक असा," बाबा म्हणाले. "पण जुनी नळी काढतलो कशी, ता इचारलंस? तापवन काढतलो तर त्येच्या हातात देव नको. आमच्या लोहारान एकदा तसा केल्यान, आणि मागचा लोखंड मऊ पडला."

मी विचारलं. अल ऐनला मी स्वतः गेलो. कारागिराने चहा पाजला, रायफल हातात घेऊन खूप वेळ बघितली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "भाई, काढतो मी न तापवता. पण माझ्याकडे नवी नळी नाही. दुसऱ्या कुठल्या तरी बंदुकीची काढून लावीन." अरबाबांना ते पटलं नाही. "दूसरे का पाइप? नहीं," ते म्हणाले. ऑस्ट्रियाचं उत्तर छापील, गुळगुळीत कागदावर, चित्रांसकट. नळी तापवत नाहीत, शिकंज्यात धरून फिरवून काढतात. इंग्लंडचं उत्तर हाताने लिहिलेलं, एका ओळीचं. तेच सांगणारं.

"मगे दोघे रव्हले," बाबा म्हणाले. त्यांच्या स्वरात एखाद्या कुस्तीची अंतिम फेरी आल्याचा उत्साह होता. "आता असा इचार. नळी बसवल्यार पयलो बार कोण काढतलो?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? शिकलंस कित्याक मगे? जेणा बसवल्यान, तेणाच आपल्या खांद्याक लावन पयलो बार काढूक व्हयो. मालकाच्या समोर. आमच्यात तशीच रीत असा. जो म्हणता की तू काढ, मी हयसून बघतंय, त्येच्याकडे परत पाय ठेवचो नाय."

आता हा प्रश्न इंग्रजीत, कंपनीच्या लेटरहेडवर कसा लिहायचा? हायस्कूलमध्ये आमच्या इंग्रजीच्या सरांनी औपचारिक पत्रं घटवून घेतली होती. त्यांचं स्मरण करून मी लिहिलं की, काम पूर्ण झाल्यावर पहिली गोळी कारागीर स्वतःच्या खांद्याला लावून झाडील काय, हे कृपया निश्चित कळवावं. वाचून माझंच मला हसू आलं, पण फॅक्स पाठवला.

ऑस्ट्रियाहून या प्रश्नाला उत्तर आलं नाही. बाकी सगळ्या मुद्द्यांना आलं, या एका मुद्द्यापाशी जागा कोरी. इंग्लंडहून पूर्ण पानभर आलं. त्याने लिहिलं होतं की कायद्याप्रमाणे नवी नळी आधी सरकारमान्य चाचणीघरात जाते. तिथे जास्त भरलेलं काडतूस बंद खोलीत उडवून पाहतात आणि नळीवर शिक्का मारतात. त्यानंतर मात्र पहिली गोळी तो स्वतःच झाडतो, घरामागच्या दगडाच्या खाणीत, आणि मालकाला यायचं असेल तर स्वागत आहे. खाली त्यानेच उलट प्रश्न विचारले होते. मालकाचा हात किती लांब? उभ्याने मारतात की बसून? बसून असेल तर कसे बसतात? जुन्या नळीचं वजन जिथे पडत होतं तिथेच नव्या नळीचं पडलं पाहिजे, म्हणून.

मी रोल्लातल्या ओळखीच्या शिंप्याकडून फीत मागून आणली आणि अरबाबांच्या केबिनमध्ये गेलो.

"क्या? कंदूरा सिलाई करेगा मेरा?" अंगातल्या पायघोळ झग्याकडे बोट दाखवून ते खदखदून हसले.

पण दुसरा प्रश्न ऐकल्यावर खुर्चीतून उठून गालिच्यावर बसले. एक पाय मुडपलेला, दुसरा गुडघा उभा, त्यावर कोपर. हातात काहीच नव्हतं, तरी हात बरोबर जागेवर गेले. "मेरा भाई ऐसा बैठता था," ते म्हणाले. "फिर मैं भी ऐसा." फायलींच्या कपाटाकडे नेम धरून ते बराच वेळ तसेच बसून होते. मी फीत हातात घेऊन उभा होतो. माप घ्यायचं धाडस झालं नाही. नंतर त्यांनीच हात पुढे केला.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "इंग्लंडवाल्याक दी. त्येका कळता." आणि मग हळू आवाजात, "शेठाक बसाक जमता अजून? माझो गुडघो आता वाकत नाय."

त्या दिवशी मी बूथमधून बाहेर आलो तो आनंदाने आणि लगेच उदासही. कारागीर ठरला होता. तक्त्याची, तुलनेची, प्रश्नांची गरज संपली होती. अरबाबांनी सही केली, सरकारी कामं बघणाऱ्या आमच्या माणसाने पोलिसांचे परवाने काढले, रायफल विमानाने गेली.

मग वाट बघणं सुरू झालं. पहिले काही शुक्रवार बाबा विचारायचे, "काय कळला काय?" मी सांगायचो, अजून नाही. चाचणीघरात गेली आहे म्हटल्यावर थोडं बोलणं व्हायचं. त्यानंतर तेही आटलं. उन्हाळा आला. इथला उन्हाळा म्हणजे बूथच्या काचेला हात लावू नये असा. मी घामाने निथळत नंबर फिरवायचो आणि पलीकडून ऐकू यायचं, "बरो आसंय. आवशीकडे देतंय."

आई म्हणायची, "तेंका काय बोलाचाच नसता रे. तू मनाक लावन घेव नको."

मी मनाला लावून घ्यायचो. संध्याकाळी रोल्लाच्या चौकातल्या वडाच्या झाडाखाली शेकडो माणसं बसलेली असत. कोणी केरळची, कोणी पंजाबची, कोणी आमच्याकडची. सगळ्यांनी सकाळी घरी फोन केलेला असे. मी त्यांच्यात बसून मनात प्रश्न जुळवायचो. पुढच्या शुक्रवारी बाबांना काय विचारावं? काजूचं विचारावं तर ते म्हणणार, बरो आसा. गाईचं विचारावं तर म्हणणार, बरी आसा. बंदुकीचंच विचारायला हवं होतं, त्यांच्या स्वतःच्या बंदुकीचं. पण तिच्या आणि त्यांच्या मध्ये मी उभा होतो, सहा-सात वर्षं परदेशात राहणारा मुलगा. त्या विषयाला हात कसा घालायचा?

रायफल हिवाळ्याच्या तोंडाशी परत आली. बरोबर जुनी नळीही, कापडात गुंडाळलेली, आणि एक चिठ्ठी की पहिली गोळी ठरल्याप्रमाणे झाडली, खांदा शाबूत आहे. अरबाबांनी ती मला दोनदा वाचायला लावली.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी ते मला गाडीत घालून नेमबाजीच्या क्लबात घेऊन गेले. माझ्या कानांवर जाड कर्णटोप चढवला. ते चटईवर बसले, गालिच्यावर बसले होते तसेच, आणि सावकाश गोळ्या झाडल्या. लक्ष्याचा कागद जवळ आणून बघितला. नळीवरून तळवा फिरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "यल्ला, कॉफी."

बाहेर कॉफी पिताना मला आठवलं की घरी फोन करायची वेळ टळून गेली आहे. मी चुळबुळ करू लागलो. अरबाबांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे ठेवला.

निरोप गेला नव्हता, तरी बाबा दुकानातच थांबले होते. "खंय होतंस?"

"बाबा, नळी बसली. आज शेठनी गोळ्या झाडल्या. पहिला बार त्या इंग्लंडवाल्यानेच काढला."

"काढल्यान?" बाबा एकदम मोठ्याने म्हणाले. "मी सांगलंय नाय! मी सांगलंय नाय तुका!"

"किसका फोन? बाप?" अरबाबांनी हात पुढे केला. "इधर दो."

मी घाबरलो. त्याचं कारण सांगायला हवं. वर्षभर मी बाबांचे प्रश्न अरबाबांना आणि अरबाबांची उत्तरं बाबांना सांगत होतो. त्यात मी एक गोष्ट गाळली होती. माझे वडील कशाची शिकार करत, असं अरबाबांनी विचारलं तेव्हा मी "जंगली जानवर" म्हणालो होतो. डुक्कर हा शब्द त्यांच्या मजलिसमध्ये उच्चारायची माझी हिंमत झाली नव्हती. आणि बाबांच्या हिंदीवर माझा काडीचा भरवसा नव्हता.

अरबाब बोलू लागले. मला एकच बाजू ऐकू येत होती.

"सलाम, सलाम. हां, शारजा से. तुम्हारा लड़का अच्छा है... हां. हां. बारूद ऊपर से डालता है? वल्ला! मेरा दादा का ऐसा था... क्या मारता था?"

मी डोळे मिटले.

"क्या? ... खिंझीर? अस्तगफिरुल्ला!" अरबाबांनी कपाळावर हात मारला. मग ऐकत राहिले, आणि चेहरा हळूहळू बदलला. "पूरा खेत? एक रात में? ... फिर तो मारो! मारो उसको! ... नहीं नहीं, खाने का बात मत करो, भाई." आणि ते इतके हसले की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली.

मी आता तिथे नसलो तरी चाललं असतं. दोन म्हातारे आपापल्या मोडक्या हिंदीत वाऱ्याची दिशा, जनावराची चाल, गुडघ्याचं दुखणं यावर बोलत होते. अरबाब मधेच उठून येरझाऱ्या घालत. एकदा ते लांब जाऊन उभे राहिले आणि नुसते ऐकत होते. बराच वेळ. मी त्यांच्या पाठीकडे बघत बसलो. तो आवाज आत्ता त्यांच्या कानात होता आणि मला तो इतका हवा होता की उठून फोन हिसकावून घ्यावा असं वाटलं.

फोन बंद करून ते परत आले, तेव्हा हसत नव्हते.

"रफीक, तुम्हारे बाप का बंदूक पुलिस के पास है. तुमने बोला नहीं."

मी मान हलवली.

"वो जाता है. मालूम? हर महीना. पुलिसवाला उसका पहचान का है. वो बंदूक बाहर निकालता है, तुम्हारा बाप उधर बैठके तेल लगाता है, कपड़ा मारता है, वापस देता है." त्यांनी कॉफीचा रिकामा पेला हलवला, आता पुरे या अर्थाने. "नळी साफ है, बोला. गंज नहीं आने दिया." नळी हा मराठी शब्द त्यांनी बाबांकडूनच घेतला होता.

मला हे ठाऊक नव्हतं. आईलाही ठाऊक नव्हतं, हे नंतर कळलं. तालुक्याला औषधं आणायला म्हणून ते जात.

पुढच्या शुक्रवारी मी बूथवर लवकर गेलो. बाबांनी फोन घेतला. "बरो आसंय. शेठ काय म्हणता?"

"बरे आहेत." मग मी आमच्या बोलीत म्हणालो, "बाबा, आपल्या बंदुकीक तेल कसला लावतास तुमी?"

खरखर. इतका वेळ खरखर, की लाइन तुटली असं वाटून मी दोनदा "हॅलो" म्हणालो. दुकानाबाहेर कुठलीशी एसटी सुरू होऊन गेली, तिचा आवाज आला आणि विरला.

मग बाबांचा आवाज ऐकू आला, पण तो माझ्यासाठी नव्हता. रिसिव्हर जरा बाजूला धरून ते शेजारी उभ्या असलेल्या आईला सांगत होते.

"तू हो फुडे घराकडे. माका येळ लागतलो."